चौथ्या नंबरची वीट

माझ्या पाठीवर तीन विटा होत्या आणि त्या मला टाकून द्यायच्या होत्या. एवढी साधी गोष्ट. पण भोकरदनच्या पुढच्या रस्त्यावर काही टाकून बघा, म्हणजे कळेल तुम्हाला.

हे शहात्तर सालच्या जानेवारीतलं. मी तेव्हा एकवीस वर्षांची, पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि स्वतःला अतिशहाणी समजणारी. आमचं एक गिरिभ्रमण मंडळ होतं. मे महिन्यात मंडळाची तुकडी हिमालयात जाणार होती आणि तीत मुलींसाठी जागा एकच. त्या जागेवर डोळा दोघींचा, माझा आणि प्रेमलाचा. मंडळाचे सेक्रेटरी केशवराव इतके शिस्तीचे, की चहासुद्धा घड्याळ बघून प्यायचे. त्यांनी आमची परीक्षा काढली. प्रेमलानं कोकणात चालायचं, मी जालन्यापासून अजिंठ्यापर्यंत. चार दिवस, एकटीनं, पाठीवर पंधरा किलो वजन घेऊन. कुठल्याही वाहनात पाय ठेवायचा नाही. रोजच्या मुक्कामाला गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाकडून वहीत लिहून घ्यायचं, की ही मुलगी चालत आली आणि ओझं तिच्याच पाठीवर होतं.

माझं सामान भरलं सहा किलो. उरलेल्या नऊ किलोंसाठी मी म्हटलं, डाळ-तांदूळ घेते.

"ते तू वाटेत खाशील आणि वजन कमी होईल," केशवराव म्हणाले. "वीट कुणी खात नाही."

त्यांनी तीन विटा आणल्या, लाल ऑइलपेंटनं त्यांवर १, २, ३ असे आकडे घातले आणि प्रत्येकीखाली आपला 'के' काढला. अजिंठ्याला ते स्वतः काटा घेऊन उभे राहणार होते, आणि ह्याच विटा त्यांना परत दिसायला हव्या होत्या.

आता खरं ते सांगून टाकते. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात, एका मळक्या रुमालात गुंडाळून, मी लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणि ब्रश आणला होता. विटा वाटेत टाकायच्या, अजिंठ्याच्या अलीकडे कुठूनतरी तीन नव्या उचलायच्या आणि आकडे रंगवायचे. केशवरावांचा 'के' मला झोपेतसुद्धा काढता आला असता. लाज वाटत होती का? थोडी वाटत होती. पण मला हिमालयात जायचं होतं, आणि त्याहून जास्त, प्रेमलाला जाऊ द्यायचं नव्हतं.

पहिले दोन दिवस रस्त्याला वर्दळ होती म्हणून विटा वाहाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भोकरदन सोडलं, समोर डोंगर दिसायला लागला आणि माझ्या खांद्यांनी हात टेकले. एका मोरीपाशी आगेमागे कुणी नाही असं बघून मी खाली उतरले, तीन नंबरची वीट मोरीच्या तोंडाशी ठेवली, वर वाळलं गवत पसरलं आणि वर आले. तीन किलो कमी झाले तरी माणूस गायला लागतो. मी गायला लागले.

अर्धा तास झाला असेल. मागून हाक आली, "ओ बाई! ओ पिशवीवाल्या बाई!"

एक म्हातारा धोतराचा सोगा वर खोचून पळत येत होता. त्याच्या मागं दहा-बारा शेळ्या, आणि त्याच्या डोक्यावर, फेट्याच्या मधोमध, माझी वीट.

"तुमची इट राह्यली ना," तो धापा टाकत म्हणाला. "मोरीखाली व्हती. शेळी गवताला तोंड लावून राह्यली, बगतो तर खाली इट."

"माझी कशावरून?" मी म्हटलं.

"बुटाचे ठशे व्हते की. असले बूट ह्या रस्त्यानं कोन घालतं?" त्यानं वीट फेट्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "लई लांब आल्ते तुम्ही. जल्दी जल्दी आलो मंग."

त्याचं नाव कडूबा. मी त्याचे आभार मानले. ते मानताना मी दात इतके आवळले होते, की पुढं दिवसभर जबडा दुखत होता.

कडूबाला पुढं जाऊ दिलं आणि एका शेताच्या कडेला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग दिसला, त्यात एक नंबर खुपसली. वीस मिनिटांत मागून बैलगाडी आली. गाडीतल्या नवरा-बायकोनं माझ्यापुढं वीट धरली. बाई म्हणाली, "कडूबाबानं मोरीपाशीच सांगितलं व्हतं, त्या बाईची इट पडली, आनखी काय पडंल तर ध्यान ठेवा म्हून." वर नवऱ्यानं विचारलं, "गाडीत बसता का? कोळमाथ्यालाच चाललो." मी नियम आठवून नाही म्हटलं. त्यांना माझी दया आली असावी, कारण दिसेनासे होईपर्यंत ते वळून वळून बघत होते.

मग मला एक विहीर दिसली. आता विहिरीतून कोण आणून देतो ते बघू, असं म्हणून मी दोन नंबरची वीट दोन्ही हातांत धरली आणि काठावरून वाकले. तळाशी गाळ काढणारे तीन जण होते. तिघांनीही वर बघितलं.

"काय पायजे बाई? पानी का?"

मी वीट पाठीमागं लपवली आणि हो म्हटलं. त्यांनी दोरानं कळशी वर पाठवली. पाणी गढूळ होतं, पण त्यांच्यादेखत मला ते सगळं प्यावं लागलं.

अशी मी तिसऱ्या प्रहरी कोळमाथ्याला पोचले. घाटाच्या डोक्यावरचं गाव, वारा असा की बोलताना शब्द तोंडात राहात नाही. मंगळवारचा बाजार, एक पोस्ट, एक पिठाची गिरणी आणि अप्पारावांचं चहाचं हॉटेल, म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी. तीनही विटा माझ्याकडे होत्या. कडूबा माझ्याआधी पोचला होता, त्यामुळे गावाला माझी पूर्ण माहिती होती, फक्त एक सोडून.

"पाव्हण्या कुठून आल्या?" अप्पारावांनी विचारलं.

"पुण्याहून."

"मोटर चुकली का?"

"नाही. मी चालतच निघालेय."

"काहून?"

"हौस म्हणून."

अप्पारावांनी कपात चहा ओतता ओतता हात थांबवला. "हौसंनं मानूस शिनिमा बगतं. इटा कोन वाहतं?"

बाकड्यावरच्या सगळ्यांना हे पटलं. खोटं सांगावं तर सुचेना, आणि खरं सांगावं तर वजनाची परीक्षा, मंडळ, हिमालय, हे त्या बाकड्यावर बसून सांगताना मलाच वेडगळ वाटायला लागलं. मी चहा पीत गप्प बसले, आणि माझी ती चूक झाली. गप्प बसलेल्या माणसाबद्दल गाव आपापसांत ठरवून टाकतं.

कडूबानं एक वीट उचलून सगळ्यांना दाखवली. "आकडा बगा. खाली सई हाय. हा सरकारी नमुना हाय, मी सांगतो."

"नमुना कशाचा?"

"इटंचा. अन् कशाचा? शाळंच्या कामाचं निघालं जनू." त्यानं आवाज उतरवला, पण त्या वाऱ्यात त्याचं उतरवणं म्हणजे ओरडणंच. "आपल्या शाळंच्या बाईनं तीन अर्ज केल्ते का न्हाई?"

"अन् सध्या समदे साहेब न सांगताच येऊन राह्यलेत," अप्पाराव म्हणाले. आणीबाणीचे दिवस होते, हे खरंच होतं. "सांगून आले तर गुत्तेदार सावध न्हाई का व्हनार?" गुत्तेदार म्हणजे तिकडचा कंत्राटदार.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणणार होते, अहो नाही, तसं काही नाही. तेवढ्यात अप्पारावांनी गरम कांदाभज्यांची ताटली पुढं केली. सकाळपासून मी दोन पेरूंवर होते. तोंड उघडलं होतं, ते भज्यांसाठी वापरलं.

तिथून पुढं माझे जे लाड झाले, ते माझ्या सख्ख्या मावशीनं केले नाहीत. गिरिजाबाई नावाच्या एक ठसठशीत म्हाताऱ्या बाई आल्या, "पोरीचे पाय बगा कसे झालेत," म्हणाल्या आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. त्यांची लेक सत्यशीला त्या गावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. घर दोन खोल्यांचं, मातीनं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी तितक्याच मानानं लावलेलं सत्यशीलाचं डी.एड.चं सर्टिफिकेट. मला चुलीवरचं कढत पाणी मिळालं. पायांना तेल मिळालं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा मिळाला. नको नको म्हणताना गिरिजाबाईंनी माझे मळके कपडे धुवायला काढून घेतले. शेजारणी एकेक करून येत होत्या, दुधाचा पेला, शेंगदाण्याचा लाडू, काहीतरी हातात देत होत्या आणि जाताना हळूच म्हणत होत्या, "बराबर लिवा हं ताई."

मी मान हलवत होते. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

सत्यशीला शाळा सुटायच्या आधी मला न्यायला आली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल. सडपातळ, करड्या काठाची पांढरी साडी, हाताला खडू. दुसऱ्याकडून गृहपाठ करून आणलेल्या मुलीकडे मास्तरीणबाई बघतात, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"चला," ती म्हणाली. "आल्याच आहात तर बघून घ्या."

दुष्काळाची कामं निघाली होती, तेव्हा कुणा गुत्तेदारानं बांधलेल्या शाळेच्या दोन खोल्या. बाहेरून चुना लावलेला, पण पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं आणि दाराला कुलूप होतं. बेचाळीस मुली चिंचेखाली पोतं टाकून बसल्या होत्या. सत्यशीलानं भिंतीतली एक वीट दोन बोटांनी धरून ओढली. ती पडायला आलेल्या दातासारखी हातात आली. तिनं विटेवर अंगठा दाबला, तर विटेला खळगा पडला.

"पावसाळ्यात चिंचेखाली बसता येत न्हाई," ती म्हणाली. "दोन महिने शाळा बंद. मंग बाप म्हणतो, घरीच राहू दे, शेण-पाणी करंल. दोन वर्षांखाली साठ होत्या. येत्या पावसाळ्यानंतर किती राहतील, मला म्हाईत न्हाई."

मुलींचे पाढे थांबले होते. बेचाळीस जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मागं उभा असलेला कडूबा अभिमानानं हसत होता. नमुना त्यानं शोधून आणला होता ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सकाळी वहीत लिहून घेतलं की निघू, असं ठरवून मी झोपले.

सकाळी उठले तर ओट्यावर माझे कपडे धुऊन, घडी करून ठेवले होते. बूट पुसले होते. कपड्यांच्या घडीवर मळका रुमाल, तोही धुतलेला. आणि रुमालावर लाल रंगाची डबी.

"कप्प्यात रुमाल व्हता, तो काढताना हे पडलं," गिरिजाबाई चुलीपासून म्हणाल्या. "रंग का लाली हाय माय ती?"

सत्यशीला ओट्यावर माझी वही घेऊन बसली होती. पहिल्या पानावर केशवरावांनी परीक्षेचे सगळे नियम सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ती ते वाचून केव्हाच मोकळी झाली होती.

"मोरीखाली वीट पडते होय?" तिनं विचारलं. "अन् तिच्यावर गवत बी आपोआप पडतं?"

मी डबीवर रुमाल टाकला.

"मला काल दुपारीच शंका आल्ती. साहेबाला भूक लागते, पण इतकी न्हाई लागत."

"मग गावाला का नाही सांगितलंत?" मी चिडून म्हटलं. चूक माझी असली की मला जास्त राग येतो.

"तुम्ही काहून न्हाई सांगितलं?"

तिनं पेनचं टोपण काढलं. "मी खोटं लिहीत न्हाई. पण तुम्हाला हिमालयात जायचंय, अन् मला खोल्या पायजेत. तेव्हा आपण असं करू. आजपासून जे खरं आहे तेच मी लिहीन. कोळमाथ्यापासून अजिंठ्यापर्यंत ओझं तुमच्याच पाठीवर राहील, ते मी बघते. फक्त विटा चार."

"चार?"

भिंतीतली ती वीट तिच्या मांडीशीच होती. तिनं माझ्या डबीचं झाकण उघडलं, माझ्याच ब्रशनं विटेवर '४' काढला आणि केशवरावांच्या 'के'च्या जागी आपला 'स' घातला. मग फुंकर मारून ती वाळवत बसली. माझ्या आयुष्यात मला इतक्या शांतपणे कुणी लुटलं नव्हतं.

"ही औरंगाबादला कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवायची, सोबत हा अर्ज. चौथा आहे. पहिल्या तिन्हींना उत्तर आलं न्हाई. पोस्टानं वीट धाडता येत न्हाई, न्हाईतर तुम्हाला तरास दिला नसता."

"आणि मी नाही दिली तर?"

"मंग न्हाई दिली," ती म्हणाली. "मी काय करणार?"

तिनं वहीत बराच वेळ लिहिलं. मला दाखवलं नाही. पानाच्या कडांना शाळेचा डिंक लावला, पुढचं पान त्यावर दाबून बसवलं आणि म्हणाली, "तुमच्या केशवरावांनीच उघडायचं."

निघताना गिरिजाबाईंनी सॅकमध्ये भाकऱ्या, लाडू आणि गुळाची ढेप कोंबली. पाहुणीची पिशवी रिकामी जाऊ द्यायची नाही म्हणाल्या. चार विटा असलेल्या पिशवीला त्या रिकामी म्हणत होत्या. कडूबा घाटाच्या उतरणीपर्यंत माझ्या मागं मागं आला. पुढं चल म्हटलं तर ऐकेना. "तुम्ही चला. मी मागून बगतो. काय पडलं तर आनून देतो."

आणि तो थांबला तरी सुटका नव्हती. त्या रस्त्यावर पुढची सगळी वस्ती सावध झालेली. ऊस खाणारा विचारी, "इटा बराबर हायेत ना?" शेतातून बाया हात करून ओरडत, "चारी हायेत का माय?" एक सायकलवाला तर खाली उतरून मोजून गेला. मी दिवसभर मनातल्या मनात सत्यशीलाला शिव्या देत चालले. विटा मात्र एकही टाकली नाही. टाकून उपयोगच नव्हता.

अजिंठ्याला एस.टी. स्टँडच्या मागं केशवराव ताणकाटा घेऊन उभे होते. सॅक अडकवली, काटा वीस किलोंवर गेला. त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांत पहिल्यांदा कौतुक दिसलं. एक, दोन, तीन, सगळ्या विटा त्यांनी पाहिल्या. चौथीकडे पाहून भुवई उंचावली, पण आधी वही उघडली. चिकटलेलं पान त्यांनी पेन्सिलीनं सोडवलं आणि मोठ्यानं वाचलं:

"ह्या बाईंनी कोळमाथ्यापासून पुढं चार विटा स्वतःच्या पाठीवर नेल्या. हे मी खात्रीनं लिहिते, कारण रस्त्यावर आमची माणसं होती. कोळमाथ्याच्या अलीकडचं मी पाहिलेलं नाही. ते त्यांनाच विचारावं. त्या खरं सांगतील, असं मला वाटतं."

केशवरावांनी वही मिटली. "अलीकडचं काय?"

मला सरळ म्हणता आलं असतं, काही नाही, तिथंही वाहिल्या. विटा समोर होत्या, आकडे अस्सल होते, 'के' त्यांचाच होता. हिमालय माझ्यापासून एका शब्दावर होता. पण त्या शेवटच्या सहा शब्दांनी माझी वाट अडवली. दोन दिवसांत मी कुणाशी धड खरं बोलले नव्हते, आणि एक मास्तरीणबाई माझ्याबद्दल असं लिहून बसली होती. मी कप्प्यातून डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली. मोरी, पऱ्हाट्या, विहीर, सगळं सांगितलं.

केशवराव डबी खिशात टाकत म्हणाले, "विटा तुझ्याकडेच ठेव." हिमालयात प्रेमला गेली.

मी एस.टी.त बसून अख्ख्या रस्त्यानं रडले. वाईट वाटून नव्हे, संतापानं. चार नंबरची वीट खिडकीतून भिरकावून द्यावी असं दोनदा मनात आलं. एकदा ती हातातही घेतली. पण खरंच, कुणीतरी ती मागून आणून देईल अशी मला धास्ती वाटली. औरंगाबादला उतरले आणि तशीच, बुटांनिशी, सॅकनिशी, कचेरीत शिरले. कचेरीचं नाव सांगत नाही. साहेबांच्या टेबलावरच्या कागदांवर मी चारही विटा ओळीनं मांडल्या आणि समोर अर्ज ठेवला.

साहेबांनी आकडे पाहिले, 'के' पाहिला. "आपण कुठून आलात?"

"पुण्याहून."

"कुणी पाठवलं?"

"केशवरावांनी. परीक्षेसाठी."

"कोळमाथ्याला जाऊन आलात?"

"चालत. मुक्काम करून."

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कोण केशवराव, हे त्यांनी विचारलंच नाही, आणि त्या दिवसांत विचारायची कुणाची छातीही नव्हती. मी चार नंबरच्या विटेवर अंगठा दाबला. विटेचा कोपरा त्यांच्या कागदांवर भुगा होऊन पडला. साहेब उभे राहिले. मला खुर्ची आली, चहा आला, आणि विटा ठेवून जाल का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. मी म्हटलं, ठेवा. पाठीवरचं सगळं गेलं आणि मला एकदम हसू फुटलं. ते मी जिन्यावर येईपर्यंत कसंबसं दाबलं.

डिसेंबरात सत्यशीलाचं कार्ड आलं. 'खोल्या झाल्या. पटावर एकाहत्तर. या. ह्या वेळी मोकळ्या पाठीनं या.'

मी पत्रावर खूप चिडले, तिनं माझी जागा घालवली हे मी विसरले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीत रजा न मागताच निघाले. भोकरदनपासून चालतच गेले. मोटर होती, पण कोळमाथ्याला मोटरनं जायला मला कसंतरी वाटलं. मोरीपाशी कडूबाच्या शेळ्या होत्या. तो तसाच माझ्या मागं मागं चालत आला, खाली रस्त्याकडे बघत.

शाळेच्या भिंती सरळ होत्या. फक्त दाराच्या चौकटीला लागून हातभर जागा गिलाव्याशिवाय उघडी सोडलेली, आणि तीत एकाखाली एक तीन विटा. १, २, ३. खाली 'के'.

"साहेबांनी गुत्तेदाराला ह्या नमुना म्हून दिल्या," सत्यशीला म्हणाली. "अशाच विटा पायजेत म्हणाले. त्यानं भिऊन दारातच बसवल्या, तपासणीला कुणी आलं तर दिसाव्या म्हून. चौथी मात्र साहेबांनी ठेवून घेतली." ती हसत होती. "लहान पोरी ह्याच्यावरच आकडे शिकून राह्यल्यात."

मी त्या तीन नंबरच्या विटेवर हात ठेवला. हिमालयाचा फोटो प्रेमलाच्या घरी भिंतीवर होता, चांगला मोठा करून लावलेला. मी पुढंही कधी हिमालयात गेले नाही. पण माझ्या हाताखाली वीट घट्ट होती, आणि माझा हात हलेना.

कडूबा मुलींना गोळा करून सांगत होता, "ही ह्या बाईची इट. मोरीखाली पडल्ती. म्या आनून दिली."

"पडली नव्हती, कडूबा," मी म्हटलं. वर्षभर हे सांगायचं राहिलं होतं. "मी टाकली होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कडांनी तो हसला.

"मला काय म्हाईत न्हाई का?" तो म्हणाला. "म्हून तर आनून दिल्ती."